सेवेची स्तोत्रे पुरेत!

दरसाल मे महिन्याची बारा तारीख उजाडली की आमच्या या चेन्नई शहरातील इस्पितळांतून एक छोटासा समारंभ होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार घातला जातो, मेणबत्त्या पेटतात, परिचारिकांच्या हाती एकेक गुलाबाचे फूल दिले जाते. आणि कोणी तरी वजनदार गृहस्थ उभे राहून सांगतात की, परिचारिका ही भूतलावरची देवता आहे, तिचे हास्य हे निम्मे औषध आहे, तिने आपली दुःखे वॉर्डाच्या दाराबाहेर ठेवून आत यावे. टाळ्या होतात. चहा होतो. मग त्या देवता लगबगीने आपापल्या मजल्यावर परततात. कारण समारंभात गेलेल्या अर्ध्या तासातली त्यांची कामे दुसऱ्या कोणी केलेली नसतात.

या समारंभांविषयी आमची तक्रार नव्हती. परंतु काही दिवसांपूर्वी येथील आम्हा मराठी मंडळींच्या एका बैठकीत वृद्धांच्या शुश्रूषेचा विषय निघाला, आणि एका ज्येष्ठ गृहस्थांनी निकाल दिला, “पूर्वीच्या सिस्टर कशा पोटच्या मायेने करीत! आताच्यांना म्हणे ताण येतो. अहो, ताण कोणाला नाही? सेवाभाव आटला, दुसरे काय!” वीस-पंचवीस माना डोलल्या. आम्हीही त्या वेळी गप्पच राहिलो. त्या मौनाचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख आहे.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की हा विषय परक्याचा नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सबंध देशात शेकडा ८.६ होते, तर तामिळनाडूत ते १०.४ होते. २०२१ सालासाठी सरकारी अंदाज शेकडा १३.६ चा होता आणि २०३१ साठी तो १८.२ चा आहे. केरळ सोडले तर इतके म्हातारे होत चाललेले दुसरे मोठे राज्य नाही. या राज्याच्या राजधानीत राहणाऱ्या मराठी घरांचे चित्र तर आणखी बोलके आहे. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी कारखान्यात नोकरीसाठी येथे आले आणि येथेच निवृत्त झाले. कोणाचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरास आले आणि मग मद्रासेत उतरले. मुले मात्र पुण्याला, बंगळूरला, नाही तर सरळ सातासमुद्रापलीकडे. त्या बैठकीत ज्या माना डोलल्या, त्यांतील बहुतेक मानांना पुढच्या दहा-पंधरा वर्षांत उशी नीट करून देणारा हात लागणार आहे, आणि तो हात पोटच्या मुलाचा असण्याचा संभव कमी आहे. तो कोणा परिचारिकेचा असेल. म्हणून तिच्यावर न्याय करायला बसण्यापूर्वी तिची हकीकत ऐकून घेणे हे केवळ सौजन्याचे नव्हे, आपल्या हिताचेही आहे.

या शहराला वृद्धांच्या वैद्यकाचे महत्त्व कळले नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. किंबहुना भारतात ते प्रथम येथेच कळले. १९७८ साली मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी केवळ वृद्धांसाठी विभाग सुरू केला, तेव्हा देशात या शास्त्राचे नावही फारसे कोणाच्या कानावर नव्हते. १९९६ साली मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. २०२४ च्या फेब्रुवारीत गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात दोनशे खाटांचे राष्ट्रीय वृद्धरोग केंद्र रुग्णांसाठी उघडले. परिचर्येच्या बाबतीतही मद्रासचा इतिहास जुना आहे. १८७१ सालापासून येथे परिचारिकांना शिक्षण दिले जात आहे आणि १९२६ साली त्यांच्या नोंदणीसाठी येथे स्वतंत्र कायदा झाला. इमारती आहेत, शास्त्र आहे, परंपरा आहे. प्रश्न इतकाच आहे की रात्री अडीच वाजता खाटेपाशी कोण आहे, आणि ज्या एका खाटेपाशी ती आहे तिच्याखेरीज आणखी किती खाटा त्याच क्षणी तिला हाका मारीत आहेत.

वृद्धांची शुश्रूषा ही इतर शुश्रूषेसारखीच, फक्त थोडी हळू चालणारी, असा एक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. तरुण माणसाचे अपेंडिक्स काढले तर तो चौथ्या दिवशी हसत घरी जातो, आणि त्याला उभे केल्याचे समाधान परिचारिकेच्या पदरी पडते. वृद्ध रुग्ण पुष्कळदा बरा होण्यासाठी आलेला नसतो; तो अधिक न बिघडावा एवढ्यासाठी आलेला असतो. त्याला भरवायचे, ते ठसका लागू न देता. त्याचे अंथरूण बदलायचे, तेही त्याची लाज राखून. पडू नये म्हणून धरायचे, आणि कातडी कागदासारखी झालेली असते म्हणून जपून धरायचे. ज्यांची स्मृती गेली आहे त्यांचे तर निराळेच असते. दिवस कलला की अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते, हे वैद्यांना चांगले ठाऊक आहे. तिन्हीसांजेला ती आजी घरी जायला निघते. ते घर चाळीस वर्षांपूर्वी विकलेले असते. अडवणाऱ्या परिचारिकेला ती चोर म्हणते, ओरबाडते, प्रसंगी थोबाडीत मारते. उलट बोलायचे नाही, कारण ते आजाराचे बोलणे आहे. पण गालावर उठलेला वळ आजाराचा नसतो, तो त्या मुलीच्या गालाचा असतो. आणि व्यवस्थेचे शहाणपण असे की जी वेळ सर्वांत अवघड, त्याच रात्रपाळीला माणसे सर्वांत कमी.

आता थोडे अंकगणित करू. भावनेची भाषा ज्यांना आवडते त्यांना अंकगणित रुक्ष वाटते, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला ते फार जवळचे आहे. अशा रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी, नाही तर कातडी सडून जखमा होतात, हा परिचर्येचा पहिला धडा होय. समजा, एका वॉर्डात असे वीस रुग्ण आहेत. कूस बदलण्यास, चादर सरळ करण्यास आणि पाठ पाहण्यास दोघी मिळून फक्त पाच मिनिटे लागतात असे धरले, तरी वीस रुग्णांची शंभर मिनिटे झाली. दोन तासांपैकी उरली वीस मिनिटे. या वीस मिनिटांत औषधे, इंजेक्शने, सलाइनच्या बाटल्या, मूत्राच्या पिशव्या, ताप व रक्तदाब यांच्या नोंदी, डॉक्टरांना फोन, नातेवाइकांची उत्तरे. शिवाय मध्येच एखाद्याचा श्वास अडकला तर बाकी सारे सोडून तिकडे धावणे. मग पुन्हा पहिल्या खाटेपासून सुरुवात. आणि हे सारे वॉर्डात दोघी आहेत असे धरून. पुष्कळ ठिकाणी रात्री एकच असते आणि मदतीला एखादी आया.

हे अंकगणित आम्हीच नव्याने शोधून काढलेले नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकवणीच्या इस्पितळात सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर इस्पितळांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. वर रजांसाठी शेकडा ३० जास्तीच्या असाव्यात. हे ३० कोठून आले तेही पाहण्यासारखे आहे. वर्षाच्या ३६५ दिवसांतून साप्ताहिक सुट्ट्यांचे ५२ दिवस गेले, सणांचे, हक्काच्या रजेचे व आजारपणाचे मिळून आणखी तीसएक गेले, म्हणजे माणूस कामावर असतो तो सुमारे २८० दिवस. खाट मात्र ३६५ दिवस भरलेली असते. तेव्हा एका जागेवर चोवीस तास एक परिचारिका उभी ठेवायची तर तीन पाळ्यांच्या तिघी आणि रजेच्या हिशेबाची साधारण आणखी एक, अशा चौघी नेमाव्या लागतात. जेथे चौघींऐवजी दोघी नेमल्या जातात, तेथे उरलेल्या दोघींचे काम नाहीसे होत नाही. ते आठ तासांच्या पाळीचे बारा तास करून, साप्ताहिक सुट्टी पुढे ढकलून, जेवणाची वेळ गिळून त्या पहिल्या दोघींच्या अंगावर चढवले जाते. यालाच आपण मग मोठ्या कनवाळूपणे ‘ताण’ असे नाव देतो. जणू तो पावसासारखा आकाशातून पडतो!

आम्ही स्वतः यातून शहाणे झालो ते उशिरा. आमच्या घरची एक वयोवृद्ध आत्या मांडीचे हाड मोडून येथील एका इस्पितळात होती. ऐंशी वर्षांचे वय, त्यात भूल आणि वेदनाशामके यांमुळे भ्रम झालेला. जन्मभर उत्तम तमिळ बोलणारी ही बाई त्या भ्रमात तमिळ पार विसरली आणि तिच्या तोंडी केवळ लहानपणचे मराठी राहिले. उतारवयात बुद्धीवर झाकोळ आला म्हणजे मागाहून शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा शेवटपर्यंत राहते, ही वैद्यकाला परिचित अशी गोष्ट. पण आम्हांला ती त्या दिवशी कळली. रात्रीची परिचारिका केरळातली, वय असेल चोवीस-पंचविसाचे. आत्या ‘दुखतंय गं’ म्हणून कण्हे, ती बिचारी ‘पाट्टी, वलिया? पाट्टी, तण्णी?’ म्हणून विचारी. आणि एकीचे दुसरीला काही कळेना. घंटा वाजवून कोणी येत नाही, अशी तक्रार आम्ही दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडे केली. आणि चांगल्या कडक शब्दांत केली.

त्या रात्री आम्हीच तेथे बसलो. अठरा रुग्ण, एक परिचारिका, एक आया. रात्री नऊपासून पहाटे चारपर्यंत ती मुलगी टेबलापाशी बसलेली आम्हांला दिसली ती केवळ नोंदी लिहिताना. तिचा जेवणाचा डबा दीडच्या सुमारास उघडला गेला, दोन घास झाले आणि तो पुन्हा बंद झाला. पहाटे आत्यापाशी आली तेव्हा तिने खिशातून एक चिठ्ठी काढली. तीवर मल्याळम लिपीत काही शब्द लिहिलेले होते. आदल्या दिवशी भेटीस आलेल्या आमच्याच घरातल्या कोणाकडून तिने ते विचारून घेतले होते. चिठ्ठीकडे पाहत ती वाकली आणि म्हणाली, “आत्या, दुकतय का? कूस बदलू या?” आत्याने डोळे उघडले आणि मान हलवली. आम्ही केलेल्या तक्रारीबद्दल त्या मुलीला सकाळी खुलासा द्यावा लागला, हे आम्हांला मागाहून समजले.

सेवाभाव आटला म्हणणाऱ्यांना आम्ही ती चिठ्ठी दाखवू इच्छितो. सेवाभाव आटलेला नाही. तो रोज उपसला जातो आणि भरला मात्र जात नाही.

आता ‘पूर्वीच्या’ सेवेविषयी. ज्या बाईच्या तसबिरीला आपण हार घालतो, तिच्या हातातला दिवा आपण तेवढा लक्षात ठेवला आणि दुसऱ्या हातातली आकड्यांची वही विसरलो. नाइटिंगेलबाई क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर सरकारशी भांडल्या ते मायेच्या शब्दांनी नव्हे. किती सैनिक जखमांनी मेले आणि किती घाणीने व गर्दीने मेले याचे तक्ते मांडून भांडल्या. हिंदुस्थानातील लष्करी छावण्यांच्या आरोग्याविषयी १८६३ साली जो अहवाल निघाला, त्यामागेही त्यांचे परिश्रम होते. हसतमुख राहा म्हणजे पटकी जाईल, असा उपदेश त्यांनी कोणास केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्यांनी गटारे मागितली, खिडक्या मागितल्या, शिकलेली माणसे मागितली.

आमच्या मराठी परंपरेकडे पाहावे तर तीही हेच सांगते. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यास सेवासदन उभारले आणि विधवा व निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास धाडले, तेव्हा पांढरपेशा पुण्याने नाके मुरडली. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, हे कुलीन बाईचे काम नव्हे म्हणून. रमाबाईंनी या बायकांना तेथे पाठवले ते पुण्यसंचयासाठी नव्हे, स्वतःच्या पायावर उभ्या राहाव्यात म्हणून. म्हणजे आमच्यात ही सेवा जन्मास आली तीच मुळी मिळवत्या बाईचा व्यवसाय म्हणून. आणि या तमिळ भूमीतले आमचे जुने दाखले पाहावेत, तर तंजावरचे सरफोजीराजे आठवतात. रामेश्वराच्या वाटेवरील छत्रांतून वाटसरूला अन्न तर मिळेच. पण कोणी आजारी पडला तर तेथे नेमलेला वैद्य त्याची चिकित्सा करी आणि बरा होईपर्यंत त्याला ठेवून घेतले जाई. या छत्रांची व्यवस्था चालू राहावी म्हणून १८०१ साली राजांनी कंपनीच्या रेसिडेंटाला जे पत्र लिहिले त्यात या साऱ्याची हकीकत आहे. करुणेला जमिनीचे उत्पन्न लावून दिले पाहिजे, नेमणुका केल्या पाहिजेत, हे त्या राजाला उमगले होते. दोनशे वर्षांनंतर आम्ही मात्र करुणा फुकट मिळावी म्हणून रुसून बसलो आहोत!

ताण ही मनाची गोष्ट आहे, तेव्हा तिच्यावर उपायही मनाचाच हवा, असे दुसरे एक मत हल्ली फार प्रचारात आहे. त्यानुसार परिचारिकांना प्राणायाम शिकवला जातो, ‘सकारात्मक विचार’ या विषयावर व्याख्याने होतात; आणि ती बहुधा पाळी संपल्यावर, तिच्याच झोपेच्या वेळात होतात. प्राणायामाशी आमचे वैर नाही. परंतु ज्याच्या छातीवर दगड ठेवला आहे त्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवण्यापूर्वी दगड उचलावा, एवढाच आमचा आग्रह आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या कार्यक्लांतीची जी व्याख्या मान्य केली, तिच्यात ती व्यक्तीचा आजार म्हणून नव्हे तर कामाच्या जागेशी निगडित अवस्था म्हणून नोंदली आहे. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाची नीट व्यवस्था न लागल्याचा तो परिणाम होय. रोग कामात असताना औषध मात्र कामकऱ्याला पाजायचे, हा कुठला न्याय?

१९६० साली इझाबेल मेंझीज या बाईंनी लंडनच्या एका शिकवणीच्या इस्पितळातील परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे की दुःख आणि मृत्यू यांच्या सततच्या सहवासातून उठणारी भीती सोसण्यासाठी इस्पितळाने आपोआप एक चिलखत तयार केले होते : रुग्णाला नावाने न ओळखता खाटेने व आजाराने ओळखायचे, एका रुग्णाचे सर्व करण्याऐवजी सर्व रुग्णांचे एकेक काम करायचे, मुलींना या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवीत राहायचे, म्हणजे माया लागायला नको. पण या चिलखताने भीती गेली नाही. गेले ते कामातले समाधान. आमच्या येथील एखाद्या वॉर्डात ‘बारा नंबरचे डायपर’ अशी हाक ऐकू आली की आपण त्या मुलीला दगडाच्या काळजाची ठरवतो. तिचे काळीज दगडाचे असते तर तिला या दगडी भाषेची गरजच पडली नसती.

आणि हे केवळ परिचारिकांच्या सुखदुःखाचे प्रकरण नव्हे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ इस्पितळांचा लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत दर परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता शेकडा ७ नी वाढते, आणि परिचारिका खचून जाण्याची शक्यता शेकडा २३ नी. एकच कारण, दोन परिणाम : इकडे ती खचते, तिकडे तो मरतो. कॅलिफोर्निया राज्याने तर एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत याचा कायदा १९९९ साली केला आणि २००४ पासून तो अमलात आणला. आमच्याकडे निकष आहेत; त्यांना दात नाहीत.

वेतनाची कथा तर सेवेच्या स्तोत्रांना काळिमा लावणारी आहे. २०१५ साली तामिळनाडू सरकारने परीक्षा घेऊन हजारो परिचारिका ठोक पगारावर नेमल्या. महिना ७,७०० रुपये! दोन वर्षांनी कायम करू, असे आश्वासन होते. ते पाळले जाईना म्हणून २०१७ च्या नोव्हेंबरअखेर त्या चेन्नईत तेनाम्पेटच्या वैद्यकीय संचालनालयाच्या आवारात ठाण मांडून बसल्या. उच्च न्यायालयाने संपास मनाई केली, संप मिटला. पुढे रक्कम वाढली, काही कायमही झाल्या. परंतु ज्या राज्याचे सरकारी वैद्यक सबंध देशात नावाजले जाते त्या राज्यात हे घडले, हे विसरता येत नाही. खाजगी इस्पितळांविषयी २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले. समितीने त्याच वर्षी शिफारस केली की दोनशेहून अधिक खाटांच्या इस्पितळात सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे, शंभर ते दोनशे खाटांच्या ठिकाणी ते फार तर शेकडा १० नी कमी, पन्नास ते शंभर खाटांच्या ठिकाणी फार तर शेकडा २५ नी कमी असावे, आणि पन्नासांहून कमी खाटा असल्या तरी वीस हजारांच्या खाली नसावे. शिफारशी राज्यांकडे गेल्या. शेजारच्या केरळने परिचारिकांच्या लढ्यानंतर २०१८ साली किमान वेतन जाहीर केले. सबंध देशाला बांधील असा कायदा मात्र झाला नाही. शिफारशींची झेरॉक्स प्रत गुलाबाच्या फुलासोबत वाटली असती तरी काही तरी साधले असते.

येथे आमचे प्रतिपक्षी एक नाव उच्चारतील आणि आम्हीही ते आदराने उच्चारतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर १९७३ च्या नोव्हेंबरात अमानुष हल्ला झाला आणि २०१५ च्या मे महिन्यात ती वारली. बेचाळीस वर्षे त्या रुग्णालयातील परिचारिकांनी तिला न्हाऊ घातले, भरवले, कुशीवर वळवले. एका पिढीने निवृत्त होताना दुसरीच्या हाती सोपवले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाचा अर्ज नाकारताना या शुश्रूषेची मुक्त कंठाने प्रशंसा केली. तेव्हा, प्रतिपक्षी म्हणतील, मनात असले की सारे होते. आमचे उत्तर असे : मनात असले आणि हात असले की सारे होते. त्या परिचारिका महापालिकेच्या कायम नोकरीत होत्या, त्यांची संघटना होती, उद्या कंत्राट संपेल ही टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर नव्हती. म्हणून एका खाटेची निष्ठा चार दशके टिकू शकली. सहा-सहा महिन्यांनी माणसे बदलणाऱ्या ठिकाणी ही निष्ठा कोणी कोणाकडे सोपवायची? आणि हेही विसरू नये की जिची एवढी सेवा झाली ती स्वतः परिचारिका होती, आणि तिच्यावर हल्ला झाला तो तिच्या कामाच्या जागी.

सर्वच परिचारिका निर्दोष आहेत, असा आमचा दावा नाही. वृद्धावर खेकसणारी, हाका मुद्दाम न ऐकणारी, हात खाटेला बांधून मोकळी होणारी परिचारिका आम्ही पाहिली आहे. तशा परिचारकांनाही पाहिले आहे. अशा वर्तनाला क्षमा नसावी. परंतु चौकशी करताना ‘तू असे का केलेस?’ या प्रश्नासोबत ‘त्या रात्री तुझ्याकडे किती खाटा होत्या?’ हाही प्रश्न विचारला जावा. पहिला प्रश्न नेहमी विचारला जातो. दुसऱ्याचे उत्तर व्यवस्थापनाला द्यावे लागते, म्हणून तो विचारला जात नाही.

आणि आता आपण, म्हणजे नातेवाईक. अमेरिकेतील वृद्धवैद्यकात १९९१ पासून एक गमतीचे नाव रूढ आहे : ‘कॅलिफोर्नियाची कन्या’. वर्षानुवर्षे न फिरकलेली मुलगी अखेरच्या आजारात विमानाने येते आणि सर्वांवर तुटून पडते. हे का केले नाही, ते का केले, म्हणून. तो राग परिचारिकेवरचा नसतो, स्वतःच्या अपराधी मनावरचा असतो. तिकडे हे नाव रूपक आहे. आमच्यात तर कन्या आणि चिरंजीव खरोखरच कॅलिफोर्नियात असतात! आम्ही मात्र चेन्नईतच असून तसे वागलो, हे वर कबूल केलेच आहे.

एक आक्षेप प्रामाणिक आहे व त्याला उत्तर दिले पाहिजे : माणसे वाढली की बिल वाढेल, ते कोणी द्यायचे? होय, वाढेल. पण आजही आपण देतोच. खोलीला गालिचा, दर्शनी दालनात कारंजे आणि दारात सलाम करणारा पहारेकरी यांचे पैसे बिलात असतात, आणि त्यांबद्दल कोणी हुज्जत घालीत नाही. घरी शुश्रूषेस बाई ठेवताना एजन्सीला जे देतो त्यातले तिच्या हाती किती पडते, हेही कोणी विचारीत नाही. ज्यांना देणे शक्य नाही त्यांच्यासाठी सरकारी वॉर्ड आहेत. तेथील जागा भरा, कायम भरा, असे म्हणण्यासाठी मत लागते, पैसा लागत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर एक फळा असावा आणि त्यावर प्रत्येक पाळीला लिहावे : आज रुग्ण इतके, परिचारिका इतक्या. नातेवाइकाने डॉक्टरची पदवी जशी पाहावी तसा तो फळा पाहावा. परिचर्या परिषदेच्या प्रमाणाला आणि २०१६ च्या वेतनशिफारशींना कायद्याचे बळ द्यावे. वृद्धांच्या वॉर्डात रात्रीची संख्या दिवसाच्या खाली जाऊ नये. परिचारिकेला मार बसला तर त्याची नोंद व्हावी आणि त्या रात्रीपुरती तरी तिला त्या खाटेपासून विश्रांती मिळावी.

आणि आम्हा मराठी मंडळींनी सरकारची वाट न पाहता करण्यासारखे एक काम आहे. गणेशोत्सवाची वर्गणी आम्ही चोख गोळा करतो. तशीच एक यादी करावी, इस्पितळात एखादी म्हातारी मराठीखेरीज सारे विसरली असेल तर तिच्यापाशी तास-दोन तास बसू शकणाऱ्या माणसांची. आणि वीस-पंचवीस मराठी शब्दांचा एक कागद छापावा, तमिळ व मल्याळम लिपीत : पाणी, दुखते, थंडी वाजते, कूस बदलू या, घाबरू नका, मी येथेच आहे. ज्या मुलीने हा कागद रात्रीच्या धावपळीत स्वतःच्या हाताने तयार केला, तिचे काम आपण एवढे तरी हलके करू शकतो.

त्या बैठकीतल्या ज्येष्ठ गृहस्थांना आमची विनंती आहे. येत्या १२ मे रोजी त्यांनी भाषणाला जाऊ नये. त्याऐवजी एका रात्री कोणत्याही वृद्धांच्या वॉर्डात, हातात घड्याळ घेऊन, नऊपासून चारपर्यंत बसावे. सकाळी त्यांचे मत तेच राहिले, तर आम्ही पुढच्या अंकात ते आनंदाने छापू.